ध्वनिदीप्ती : बुडबुड्यातील प्रकाश आणि हवेतील एक टक्का अरगॉन

क्षणभंगुर गोष्टीला मराठीत आपण पाण्याचा बुडबुडा म्हणतो. उर्दू शायरीत त्यालाच ‘हबाब’ म्हणतात. दोन्ही भाषांत बुडबुडा म्हणजे जे टिकत नाही ते. परंतु बुडबुडा मिटताना प्रकाश देऊ शकतो, ही गोष्ट दोन्ही भाषांच्या कवींना ठाऊक नव्हती. भौतिकशास्त्रात या घटनेला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात. ‘जीवदीप्ती’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे, त्याच धर्तीवर येथे ‘ध्वनिदीप्ती’ हा शब्द वापरला आहे.

१९३४ साली जर्मनीतील कोलोन विद्यापीठात फ्रेंझेल आणि शुल्टेस हे दोघे छायाचित्राची काच लवकर धुतली जावी म्हणून डेव्हलपर द्रावणात श्राव्यातीत ध्वनी सोडत होते. तो हेतू बाजूलाच राहिला आणि काचेवर बारीक ठिपके उमटले. द्रावणात असंख्य बुडबुडे तयार होऊन मिटत होते व त्यांतून प्रकाश निघत होता. मात्र त्या गर्दीत एकेका बुडबुड्याचा अभ्यास करणे शक्य नव्हते. ते पुढे १९८९ च्या सुमारास अमेरिकेत फेलिपे गायतान व लॉरेन्स क्रम यांनी साधले. विरघळलेली हवा बरीचशी काढून टाकलेल्या पाण्यात, ध्वनीच्या स्थिर तरंगाच्या मध्यावर, त्यांनी एकच बुडबुडा अडकवून ठेवला. तो सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा चमकतो. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना मात्र एक स्थिर निळसर ठिपका दिसतो.

प्रकाश येतो कसा? ध्वनीचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, त्याची त्रिज्या सुमारे ५० मायक्रोमीटर होते. दाब वाढताच भोवतालचे पाणी आत धावते व त्रिज्या अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत येते. त्रिज्या शंभरपट घटली म्हणजे आकारमान दहा लाख पटींनी घटले. सायकलला हवा भरताना पंप तापतो हे विद्यार्थ्यांनी अनुभवलेले असते. येथे शेवटचा टप्पा इतका जलद असतो की उष्णतेला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. आतला वायू तापून चमकतो आणि ती चमक सेकंदाच्या एक अब्जांश भागाइतकीही टिकत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९४ चा प्रयोग. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील सेथ पटरमन यांच्या गटाने शुद्ध नायट्रोजनचा बुडबुडा घेतला, तर प्रकाश फारच मंद पडला. त्यात साधारण एक टक्का अरगॉन मिसळताच तो पुन्हा उजळला. हवेतही अरगॉन जवळपास तेवढाच असतो. याचे स्पष्टीकरण १९९७ मध्ये लोझे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. तप्त बुडबुड्यात नायट्रोजन व ऑक्सिजनचे रेणू तुटतात, त्यांची विद्राव्य संयुगे होतात आणि ती पाण्यात निघून जातात. अरगॉन कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून मागे उरतो. म्हणजे हवेचा म्हणून सोडलेला बुडबुडा चमकताना बहुतांशी अरगॉनचाच असतो! राजवायूंना ‘निष्क्रिय’ म्हणून दोन ओळींत गुंडाळणाऱ्या आपल्या तासाला हे उदाहरण जरूर जोडावे.

आता तापमानाविषयी, कारण ‘बुडबुड्यातला सूर्य’ असे शब्द वर्गात सहज उच्चारले जातात. २००५ मध्ये फ्लॅनिगन व सस्लिक यांनी सल्फ्युरिक आम्लातील अरगॉनच्या बुडबुड्याचा वर्णपट तपासला, तेव्हा सुमारे १५,००० केल्विन तापमान मिळाले व आत प्लाझ्मा असल्याचा पुरावाही सापडला. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनच्या आसपास असतो. तेव्हा पृष्ठभागाशी तुलना केली तर ती चुकीची नाही. सूर्याच्या गाभ्याशी तुलना मात्र करू नये. २००२ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतील एका गटाने अशा बुडबुड्यांत अणुसंमीलन घडल्याचा दावा ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. स्वतंत्र प्रयोगांत त्याला पुष्टी मिळाली नाही आणि २००८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या चौकशीत त्या गटाच्या प्रमुखावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवण्यात आला. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी केल्विन आहे. वर्णपटावरून मोजलेला आकडा हजारांतला आहे.