फाईल फोनमध्येच होती, पण सापडेना

मागे कर्जाच्या वेळी बँकेनं आमच्या गटाचा ठराव मागितला. पीडीएफ फोनमध्येच होती, पण नावाच्या जागी नुसते आकडे. शोधता शोधता बँकेची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा. अध्यक्ष आणि सचिव, दोघींची मजुरी बुडाली.

तेव्हापासून आम्ही फाईल आली की लगेच तिचं नाव बदलतो. आधी वर्ष, मग महिना, मग काम: '2025-03 कर्ज ठराव'. अशी नावं लावली की फायली वर्षाच्या क्रमानं लागतात आणि 'ठराव' लिहून शोधलं तरी सापडतात.

इतिवृत्ताचे सुटे फोटो आम्ही काढत नाही. गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅननं सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घेतो.

एक लक्षात ठेवा. टाइप केलेल्या पीडीएफमध्ये भिंगाच्या खुणेवर बोट ठेवून आतला शब्द शोधता येतो. स्कॅन म्हणजे मात्र पानाचा फोटो. त्यातलं हाताचं अक्षर फोनला वाचता येईलच असं नाही. म्हणून नावच नीट हवं.

पानं जोडायला अनोळखी वेबसाईटवर आधार किंवा पासबुक चढवू नका. आपला कागद परक्याच्या हाती जातो. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यातही काही बदलू नका, सही ग्राह्य राहत नाही. मूळ फाईल तशीच ठेवा.

आज रेडिओ बंद केला की गटाची एक फाईल उघडा आणि तिला नाव द्या. उरलेल्या पुढच्या बैठकीत, सगळ्याजणी मिळून.