शिडाच्या जुन्या नौकेतला निचरा

शिडाच्या नौकेत सुकाणू धरून बसायची खोलगट जागा म्हणजे कॉकपिट. डेकवर चढलेली लाट आधी इथे साठते. २ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल कॉकपिट भरले तर त्यात सुमारे ४८० लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा टन पाणी असते. त्या भाराने नौकेचा मागचा भाग दबतो आणि पुढची लाट आणखी सहज आत येते. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा एकट्याच्या सफरीत बादलीने पाणी उपसायला हात मोकळा नसतो. कॉकपिटच्या तळातली निचऱ्याची भोके मात्र विजेशिवाय, माणसाशिवाय काम करतात.

भोकाचा व्यास दुप्पट केला तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. वर सांगितलेले कॉकपिट २५ मिलिमीटरच्या दोन भोकांतून रिकामे व्हायला दहाएक मिनिटे लागतात, ३८ मिलिमीटरच्या दोन भोकांतून साधारण चार. खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साडेआठ मीटरपेक्षा लहान नौकांना २५ मिलिमीटरची दोन भोके पुरेशी धरली आहेत. लांबच्या सफरीसाठी ही सोय तोकडीच म्हणावी लागेल. जुन्या नौकेत सुधारणेची सुरुवात इथूनच करावी: भोक, त्यातले पाणी बाहेर नेणारी नळी आणि ती बंद करणारा व्हॉल्व्ह तिन्ही मोठे हवेत. एकच मोठे करून उपयोग नाही. काटकोनी वळणेही काढून टाकावीत.

कॉकपिटचा तळ समुद्राच्या पातळीपेक्षा फारसा उंच नसेल तर डावीकडची नळी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे नेतात. नौका कलली तरी खालच्या बाजूच्या भोकातून समुद्र उलटा आत येत नाही.

खरा धोका नांगरून ठेवलेल्या नौकेला, तोही पावसाळ्यात. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी भोकावरच्या जाळीवर दोन पाने आणि दोरीचा एक पुंजका बसला तरी मोरी तुंबावी तसे कॉकपिट भरते, आणि पाणी बाकांखालच्या कप्प्यांतून नौकेच्या पोटात उतरते. नळीच्या बाहेरच्या तोंडाशी शिंपले धरतात. ते नौका किनाऱ्यावर ओढल्यावर खरवडावे लागतात. तळावर सागवानी जाळी असेल तर तीही उचलून खालचा गाळ काढावा. साग आपल्या अंगच्या तेलामुळे पाण्यात टिकतो, पण त्याच्याखालचा कचरा दिसत नाही.

नळी दाबून पाहावी; कडक झाली असेल, चिरा दिसत असतील, तर बदलावी. पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प असावेत. पितळी व्हॉल्व्ह गुलाबी दिसू लागला, तर त्यातले जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले असे समजावे. तो हातोडीच्या हलक्या टोल्यानेही फुटू शकतो. त्या जागी कांशाचा बसवावा. व्हॉल्व्ह दर महिन्याला उघडून-मिटून पाहावा आणि त्याच्या मापाचे लाकडी बूच शेजारीच बांधून ठेवावे.

काम झाल्यावर भोके बंद करून कॉकपिट भरावे, मग भोके उघडून घड्याळ लावावे. पाणी उतरत असताना एकाने खाली जाऊन प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवावा. नंतर शिडे चढवून, नौका दोन्ही बाजूंना कलती असताना हीच तपासणी पुन्हा करावी.