घोरपड : संहितेतील गोधा आणि बाटलीतील तेल

काही दिवसांपूर्वी शिरगाव येथील माझ्या चिकित्सालयात संधिवाताचे एक वृद्ध रुग्ण आले. पिशवीतून लेबल नसलेली बाटली काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घोरपडीचं अस्सल तेल आहे. गुडघ्याला लावू ना?" मी "नको" म्हणालो, परंतु त्या प्रश्नाला याहून सविस्तर उत्तर हवे होते.

प्राणिपरिचय

बदलापूर परिसरातून दिसणाऱ्या चंदेरीच्या डोंगररांगेसारख्या ठिकाणच्या कातळातील कपारी, वारुळे व झाडांच्या ढोल्या ही घोरपडीची निवासस्थाने. शेपटीसह तिची लांबी सुमारे पावणेदोन मीटरपर्यंत भरते. ती दिनचर आहे. दुभंगलेल्या जिभेने गंध टिपून ती किडे, खेकडे, उंदीर, अंडी व मृत प्राणी शोधते. म्हणूनच ती शेतकऱ्याची मित्र ठरते. संकट येताच कपारीत शिरून ती अंग फुगविते व नखे रोवते. मग तिला ओढून काढणे दुष्कर होते. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी घोरपडीच्या साहाय्याने सिंहगड चढल्याची लोककथा या गुणातूनच रुजली असावी. इतिहाससंशोधक मात्र तिला पुरावा मानत नाहीत.

शास्त्र व लोकव्यवहार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७ व्या अध्यायातील मांसवर्गात गोधेची गणना भूमिशय प्राण्यांत आहे. तिचे मांस विपाकी मधुर, रसाने कषाय-कटू, वातपित्तशामक, बृंहण व बल्य सांगितले आहे. हे वर्णन आहाराचे आहे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या तेलाचे नव्हे. लोकव्यवहारात चरबी सांधेदुखीवर व वाजीकरणार्थ, तर कातडे दक्षिणेकडील खंजिरीसाठी वापरले गेले. 'हत्थाजोडी' या नावाने वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू ही प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये असल्याचे २०१७ साली तपासांतून उघड झाले. औषधी दुकानदारांनी याची विशेष नोंद घ्यावी.

कायदा व पर्याय

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. तिची शिकार व तिच्या अवयवांचा व्यापार यांस तीन ते सात वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. 'मी फक्त विकले' हा बचाव होऊ शकत नाही.

शास्त्राचा यात काही तोटाही नाही. द्रव्य अनुपलब्ध असता समानगुणी प्रतिनिधी द्रव्य योजावे, हा मार्ग भावप्रकाशाने दाखविला आहेच. बृंहण व वातशमनासाठी बला, अश्वगंधा, शतावरी, माष. अभ्यंगासाठी महानारायण, सहचर वा निर्गुंडी तेल आपल्या हाताशी आहे. बाटलीतील अज्ञात चरबीपेक्षा यांचे पाठ व प्रमाण आपणांस ठाऊक आहेत.

त्या रुग्णांना मी महानारायण तेलाने अभ्यंग व नाडीस्वेद दिला. तीन आठवड्यांनी जिना चढून आल्यावर ते हसून म्हणाले, "घोरपडीचंच तेल असणार हे!" मी त्यांच्यासमोर तेलाचा पाठ वाचला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि शेजाऱ्यासाठी आणखी एक बाटली मागितली.

वैद्यबंधू-भगिनींनो, घोरपडीचे तेल मागणारा रुग्ण आपल्याकडेही येईल. त्याला नुसते "नको" म्हणून परत पाठवू नये. त्याच्या वेदनेला पर्याय द्यावा. तो न मिळाल्यास तो पुन्हा त्याच बाटलीकडे वळेल, आणि कपारीतली आणखी एक घोरपड कमी होईल.