शांतिदूत मार्स

मिलानच्या ब्रेरा कलासंग्रहालयाच्या चौकात नेपोलियन उभा आहे. ब्राँझचा आणि चक्क विवस्त्र! रूप रोमनांच्या युद्धदेवतेचे, मार्सचे. तलवार मात्र झाडाच्या बुंध्याला अडकवलेली, उजव्या हातात पृथ्वीगोलावर इवलीशी विजयदेवता. शांतता आणणारा मार्स, ही कल्पना. गंमत अशी, की हे ब्राँझ रोममधल्या किल्ल्यावरच्या तोफांचे!

शिल्पकार आंतोनियो कानोव्हाने मूळ पुतळा १८०६ साली संगमरवरात पुरा केला. उंची अकरा फुटांहून अधिक. १८११ मध्ये नेपोलियनने तो पॅरिसला पाहिला आणि लोकांच्या नजरेआड ठेवायला लावला. अंगयष्टी फारच मल्लासारखी, ही तक्रार. स्वतःच्या सुटलेल्या पोटाचे भान असलेला हा सम्राट मला तरी आवडतो. ब्राँझची प्रत त्याचा सावत्र मुलगा यूजीन याने करवून घेतली. चौकात ती आली १८५९ मध्ये.

वॉटर्लूनंतर, १८१६ साली, ब्रिटिश सरकारने संगमरवरी पुतळा ६६,००० फ्रँकला विकत घेतला. भेट कोणाला, तर वेलिंग्टनला! आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, जप्तीचा माल थेट वसुली अधिकाऱ्याच्या घरी. लंडनच्या ॲप्स्ली हाउसमध्ये तो जिन्याच्या तळाशी उभा आहे. वॉटर्लूच्या वार्षिक मेजवानीचे दालन वरच्या मजल्यावर.