गाभडलेली गाय आणि न उतरणारा ताप

प्रत्येक तापाकरितां मोठ्या शहरीं तज्ज्ञ गांठावा असें आम्ही म्हणत नाहीं. पावसाळ्यांतील बहुतेक ताप गांवच्या डॉक्टरांच्या औषधानें उतरतात. परंतु ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्यांस एक ताप निराळा ओळखावा लागतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमची गाय सातव्या महिन्यांत गाभडली. अडकलेली वार आमच्या पुतण्यानें उघड्या हातांनीं काढिली. महिन्याभरानें त्यास ताप येऊं लागला. दिवसा उतरे, सायंकाळीं चढे. रात्रीं घामानें अंथरूण भिजे व कंबर धरे. प्रथम विषमज्वराचें औषध झालें, मग क्षयाचा संशय आला. अडीच महिने गेले. गाईची गोष्ट कोणी विचारिली नाहीं व आम्हींहि सांगितली नाहीं. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतले, पण स्वतःचा जबाब अपुरा दिला! अखेर संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञांनीं पहिला प्रश्न गोठ्याचा केला, आणि रक्ततपासणींत ब्रुसेलोसिस निघाला.

या रोगाचे जंतु डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं माल्टा बेटांत शोधिले. गाभडलेल्या जनावराची वार, स्राव व कच्चें दूध यांतून ते माणसास लागतात. हातावरील बारीक जखमहि त्यांस पुरते. माणसापासून माणसास हा रोग सहसा लागत नाहीं, तेव्हां रोग्यास वेगळें बसविण्याचें कारण नाहीं. जंतु शरीरांतील पेशींच्या आंत दडून राहतात, म्हणून एका औषधानें भागत नाहीं. सामान्यतः डॉक्सिसायक्लिन व सोबत दुसरें एक औषध निदान ६ आठवडे घ्यावें लागतें. ताप लौकर उतरतो, रोगी औषध सोडितो, आणि रोग उलटतो. मग मणका किंवा हृदयाची झडपहि बिघडूं शकते.

तरी ताप २ आठवड्यांवर गेला, नेहमींच्या तपासण्यांत कारण सांपडलें नाहीं, औषध थांबतांच ताप परतला, अथवा सांधे वा वृषण सुजलें, तर गांवच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तज्ज्ञांकडे जावें. जातांना तापाच्या तारखा, जुने सर्व कागद व औषधांचीं वेष्टनें न्यावींत. गाभडलेल्या जनावराशीं संबंध आलेल्या गरोदर स्त्रीनें मात्र ताप येतांच डॉक्टरांस दाखवावें. कावीळ, धाप, बरळणें किंवा लघवी कमी होणें दिसल्यास तज्ज्ञाची वाट न पाहतां त्याच दिवशीं जवळचें रुग्णालय गांठावें. भातखाचरांत काम करणारांस लेप्टोचा ताप असा झपाट्यानें वाढतो.

कालवडींस ४ ते ८ महिन्यांच्या वयांत पशुवैद्यांकडून एकदां लस टोचवितां येते. आमच्या दोन कालवडींस ती टोचविली. पुतण्या बरा आहे. दूध आतां उकळूनच पितों. धारोष्ण दुधाची आमची जुनी हौस तेवढी गेली.