चापाचा मागोवा

संगणकाच्या भाषांत व्यस्त त्रिकोणमितीय फलने कशी येत गेली याचा मागोवा घेऊ लागले की छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यास प्रथम देवगिरी आठवावा, हे स्वाभाविक आहे. कारण तेथील सिंघण यादवाचा ज्योतिषी चंगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, आणि त्या मठास शके ११२८ मध्ये मिळालेल्या दानाची नोंद तेथील शिलालेखात, शेवटी शेवटी तर मराठीतच, कोरलेली आहे.

त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ज्येवरून चाप काढण्याची रीत आहे. २४० व्यासाच्या वर्तुळात १२० लांबीची ज्या घातली, तर तिच्या एका अंगास परिघाचा सहावा हिस्सा येतो आणि दुसऱ्या अंगास उरलेले पाच. प्रश्न एक, उत्तरे दोन. आचार्यांच्या सूत्रात वर्गमूळ अर्ध्या परिघातून वजा होते आणि लहान चापच हाती येते. आज ज्यास मुख्य मूल्य म्हणतात त्याची निवड ती हीच; ‘आर्कसाइन’मधला ‘आर्क’ म्हणजेही चापच.

संगणकाच्या आरंभीच्या भाषांनी मात्र या कुळाची आबाळ केली, असे माझे मत आहे. १९६४ च्या बेसिकमध्ये एकटे एटीएन, निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कलमध्ये एकटे आर्कटॅन. आर्कसाइन ज्यास हवे त्याने वर्गमुळाचा व्याप स्वतः करावा, आणि संख्या नेमकी १ असली की छेदात शून्य यावे. १९८४ साली ‘क्लास’ योजनेतून भारतातील शाळांत आलेल्या बीबीसी यंत्रांच्या बेसिकमध्ये एएसएन आणि एसीएस हजर होती, ही त्या काळी मोठीच सोय.

परंतु खरी अडचण दिशेची. छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकापासून दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचाच, किल्ला ढोबळमानाने पश्चिमेस १२ आणि उत्तरेस ८ किलोमीटर आहे. पूर्वेपासून कोन मोजावयाचा म्हणून ८ ला उणे १२ ने भागून आर्कटॅन घेतला, तर उत्तर येते उणे ३३.७ अंश, म्हणजे किल्ल्याकडे पाठ करून थेट आग्नेयेकडे. कारण भागाकार होताक्षणीच उणे चिन्ह वरच्या संख्येचे होते की खालच्या, याचा दाखला नष्ट होतो. जमीन मोजणारे तो दाखला अक्षरांनी जपतात: उत्तरेपासून पश्चिमेकडे ५६.३ अंश. १९६६ च्या प्रमाणित फोरट्रानमधील एटॅन-टू हेच काम करते. दोन्ही संख्या वेगवेगळ्या घेऊन ते १४६.३ अंशांइतका कोन देते, अर्थात रेडियनमध्ये, २.५५.

सी आणि पायथन या भाषांत या फलनास उत्तरेचे अंतर आधी द्यावे लागते, एक्सेलमध्ये पूर्वेचे. गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा धडा आपल्याच शाळेच्या अंगणातून, किल्ल्याची दिशा मुलांकडून काढवून घेऊन, शिकवावा.