मधला मासा सोडायचा

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथे १९८० साली एक धरण बांधून झाले. त्याच्या तलावाला लेक फोर्क म्हणतात. पाणी चढले तेव्हा पुष्कळ झाडे उभीच बुडाली. त्यांच्या आडोशाला बास नावाचा मासा राहतो. आपला रोहू शेवाळ खातो. बास मात्र शिकारी. बेडूक दिसला की गिळलाच!

उजाडताच माणसे परवाना घेऊन होडीतून निघतात. गळाला रबराचे गांडूळ लावतात. बास फसतो. पण लागलेला मासा लगेच टोपलीत टाकायचा नाही. आधी पट्टीवर मोजायचा.

सोळा इंचांपर्यंतचा, म्हणजे दोन वितींहून थोडा कमी, तो घरी न्यावा. १६ ते २४ इंचांमधला सोडावाच लागतो. तसा कायदाच आहे. दिवसाला पाचच मासे न्यायचे. त्यांत चोवीस इंचांचा किंवा त्याहून मोठा फक्त एक.

तुम्ही म्हणाल, हे उलटेच झाले! चांगला भरलेला सोडायचा?

अहो, लहान मासे फार झाले की खाणे पुरत नाही. सगळेच खुरटतात. आपण पिकाची विरळणी करतो ना, तसेच हे. मधले मासे राहिले तर अंडी घालतात, वाढतात. अंड्यांची राखण नर करतो, बरे का! जानेवारी १९९२ मध्ये याच तलावात सव्वाआठ किलोचा बास गळाला लागला. तो राज्यातला विक्रम ठरला.

मासा सोडताना हात ओले करून धरतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग त्याला रोग जडतो.